दोन तारांचं ड्रिल

"जरा झिणझिण्या येतात, पण मशीन एक नंबर आहे." हे वाक्य ऐकलं की मी आधी पिन बघतो. दुरुस्तीला आलेल्या या ड्रिलची तक्रार खरं तर झिणझिण्यांची नव्हतीच. कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला घासत करंट देणारे ठोकळे) सारखे संपतात, तेवढे बदलून द्या, एवढंच म्हणणं होतं. हँडलसकट सगळं अंग ॲल्युमिनियमचं, चक 13 मिमीचा, वजन हात भरून येईल इतकं. आणि केबल दोन तारांची.

दोन तारा चालतात त्या दुहेरी इन्सुलेशनच्या मशीनला, ज्याच्या नावपट्टीवर चौकोनात चौकोन काढलेला असतो. ती खूण नसेल तर धातूच्या अंगाला तिसरी, अर्थिंगची तार लागतेच. हँडल उघडलं तर अर्थिंगचा स्क्रू जागेवर होता, खाली गंजलेला वॉशर होता आणि तार नव्हती. कुणीतरी केबल बदलताना हाताशी जी होती ती लावून मोकळा झाला होता. मशीन फिरलं, काम झालं! असे कारागीर आणि "चालतंय ना" म्हणणारी गिऱ्हाइकं एकमेकांना बरोबर सापडतात.

लाइनवर न लावता आधी 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन किती चांगलं आहे ते मोजणारा मीटर, लावला. इथे एक गोष्ट हमखास चुकते. ट्रिगर दाबून चिकटपट्टीने बांधला नाही, तर मेगर नुसती केबल मोजतो आणि आकडा झकास येतो. ट्रिगर बांधून, पिनचे दोन्ही पाय एकत्र जोडून अंगाशी मोजलं, तर 0.2 मेगाओम. 230 व्होल्टला याचा हिशेब साधारण 1 मिलिअँपिअरच्या वर जातो. झिणझिण्या येणारच. अर्थिंगच्या मशीनला किमान 1 मेगाओम हवा, आणि चांगल्या कोरड्या मशीनला तो कितीतरी जास्त येतो.

गळती कुठे आहे हे शोधायला भाग सुटे करावे लागतात. दोन्ही कार्बन काढले की आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, वेगळं होतं. कम्युटेटर (आर्मेचरवरचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, ज्यावर कार्बन घासतात) ते शाफ्ट 100 मेगाओमच्या वर, म्हणजे आर्मेचर निर्दोष. मग कार्बन धरणाऱ्या होल्डरवरच्या फील्डच्या (मोटरच्या स्थिर वाइंडिंगच्या) तारा सोडवल्या. हे करायचा कंटाळा केला तर होल्डरची गळती फील्डच्या नावावर जाते आणि चांगलं वाइंडिंग उगाच उकललं जातं. फील्ड चांगलं, एक होल्डर चांगला, दुसरा 0.2. होल्डरची पितळी नळी आणि ॲल्युमिनियमचं अंग यांच्या मधे जो फायबरचा बुश (करंट अडवणारी बाही) असतो, तो काळा पडला होता. कार्बनची भुकटी, वर ग्रीसचा ओलावा, दोन्ही मिळून लेप झालेला.

आता एवढी भुकटी आली कुठून? उत्तर कम्युटेटरवर होतं. तांबं चकचकीत, लेथवर घेतल्याच्या बारीक रेघा स्पष्ट, आणि पट्ट्यांमधला मायका (अभ्रक, पट्ट्या एकमेकींपासून वेगळ्या ठेवणारा) तांब्याच्या बरोबरीने वर. लेथवाल्याने तांबं सरळ केलं आणि तिथेच थांबला. मायका तांब्यापेक्षा कडक असतो. तांबं झिजतं, मायका झिजत नाही. थोड्याच दिवसांत तो कडेने उभा राहतो, कार्बन त्यावरून उड्या मारत जातो, ठिणग्या पडतात आणि कार्बनचा चुरा होतो. मग नवे कार्बन, पुन्हा तेच. लेथवरचं काम पाच मिनिटांचं आणि मायका खाली घ्यायचं काम दोन तासांचं असतं, म्हणून दुसरं राहून जातं. मला राग लेथवाल्याचा कमी आणि नंतर कार्बनवर कार्बन बदलणाऱ्यांचा जास्त येतो. त्यांनी ती चकचक बघितली होती.

एवढी मेहनत जळक्या आर्मेचरवर घालण्यात अर्थ नाही, म्हणून आधी पट्टी-पट्टी तपासणी केली. 12 व्होल्टची बॅटरी, सिरीजमध्ये गाडीचा बल्ब, दोन तारा समोरासमोरच्या पट्ट्यांवर, आणि मीटरने शेजारच्या दोन-दोन पट्ट्यांमधला व्होल्टेज. आकडे सारखे आले पाहिजेत. एखादी जोडी एकदम कमी दाखवत असेल तर त्या कॉइलमध्ये शॉर्ट. एका जोडीवर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज आणि त्या बाजूच्या बाकीच्यांवर काहीच नाही, तर कॉइल तुटलेली. इथे चोवीसही जोड्या सारख्या.

मायका कापायला हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा पुरतो, पण जसाच्या तसा नाही. ब्लेडची पट्टी साधारण 0.6 मिमी जाड असते, दात मात्र दोन्ही बाजूंना वळवलेले असल्यामुळे खाच रुंद पडते आणि तांबं खाल्लं जातं. दातांच्या बाजू दगडावर घासून मायकाच्या जाडीइतक्या करायच्या, तुकड्याला मूठ बांधायची आणि ओढत कापायचं, ढकलत नाही. खोली सुमारे अर्धा मिलिमीटर. त्याहून खोल गेलं तर भुकटी साचायला घर मिळतं. खरी मेख खाचेच्या भिंतीत आहे: तांब्याला चिकटून मायकाचा बारीक पापुद्रा उभा राहतो, वरून बघितलं तर दिसत नाही, आणि तेवढ्यानेही कार्बन उडतो. भिंग आणि तिरपा उजेड यांशिवाय हे काम करू नये. शेवटी तांब्याच्या कडा हलक्या मारायच्या, 600 नंबरचा काचपेपर फिरवायचा, खाचा नायलॉनच्या ब्रशने झाडायच्या. एमरी पेपर अजिबात नको, त्याची भुकटी करंट नेते.

कार्बन होल्डरमध्ये आपल्या वजनाने खाली सरकला पाहिजे, पण बाजूला डुलता कामा नये. जुन्यांपैकी एक मोठ्या मापाचा घासून बसवलेला होता, तोही तिरका. स्प्रिंग त्याला ढकलूच शकत नव्हती. नवे योग्य मापाचे घेतले. कम्युटेटरवर काचपेपर खरखरीत बाजू वर करून गुंडाळला आणि आर्मेचर फिरायच्या दिशेने हाताने फिरवून कार्बनचं तोंड गोलाईला बसवलं.

मागचं 608 बेअरिंग बदललं. गिअरबॉक्समध्ये मेणासारखं झालेलं ग्रीस काठोकाठ होतं. रॉकेलने धुऊन निम्म्याहून कमी भरलं. जास्त ग्रीस म्हणजे जास्त काळजी असं वाटणारे लोक ते वाइंडिंगपर्यंत पोचवतात. तीन तारांची नवी केबल घातली. अर्थिंगची तार बाकीच्या दोघींपेक्षा लांब ठेवली, म्हणजे केबल ओढली गेली तरी सुटताना ती सगळ्यांत शेवटी सुटेल. पहिल्यांदा चालवताना 100 वॅटचा बल्ब सिरीजमध्ये ठेवला: बल्ब मंद, मशीन सावकाश फिरतंय, सगळं ठीक. मग सरळ लाइनवर. कार्बनखाली बारीक निळसर ठिणगी, तीही एका जागी.

आता जे खटकतंय ते. काळा बुश मी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला आणि त्याच ओघात बॉडी 70 अंशांच्या उबेत सहा तास वाळवायला ठेवली. मधे मेगर लावला नाही. गरम असताना 18 मेगाओम आला, थंड झाल्यावर 70. इन्सुलेशनचा आकडा गरम असताना कमीच येतो, त्यामुळे त्यात नवल नाही. पण दोन दिवस दमट हवेत उघडं ठेवल्यावर तो 22 वर उतरला. दोष नुसत्या वरच्या भुकटीचा असता तर इतका उतरायला नको होता. फायबर ओल धरत असेल, किंवा बुशच्या आत ठिणगीने जळून कोळशाची वाट पडली असेल आणि वाळवल्यामुळे ती तात्पुरती झाकली गेली असेल. पुसल्यानंतर एकदा मोजलं असतं तर हे दोन मिनिटांत कळलं असतं. स्वच्छता आणि वाळवण एकत्र करू नये हे मी दुसऱ्यांना सांगत आलोय.

22 हा आकडा नियमात बसतो, अर्थिंगही आता आहे. तरी मशीन अजून परत दिलेलं नाही. जुना बुश काढताना फुटणार हे नक्की, म्हणून फायबरचा दांडा आणून ठेवलाय आणि नळीचं माप घेतलंय. हँडलच्या आत तारीख आणि तिन्ही आकडे लिहिलेला कागद चिकटवलाय. आठवड्याने पुन्हा मोजीन. 10 च्या खाली गेला तर बुश बदलायचा.