सकाळी आठचा गजर

टॅक्रोलिमस, म्हणजे बसवलेली किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून रोज घ्यायची गोळी. तिच्या रक्तातल्या पातळीचा रिपोर्ट हातात आला आणि मी आधी पेशंटचं नावच पुन्हा वाचलं. पातळी ६.९. पंधरा दिवसांपूर्वी, पूर्ण डोसवर, ती ६.८ होती. मधे डॉक्टरांनी गोळी निम्मी केलेली. लॅबची चूक असेल म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळच्या गोळीआधी पुन्हा रक्त घेतलं. आकडा तोच.

पोरगा फलटणकडचा, आईची किडनी, सहावं वर्ष, क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते सांगणारा रक्तातला आकडा, वाढला की काळजी) १.२. महिनाभर अंगात कसर होती आणि मानेत गाठ. किडनी बसवलेल्याला गाठ म्हटलं की आपल्याकडे आधी टीबी आठवतो, पुष्कळदा तो असतोही. गावाकडे औषधं सुरूच होणार होती. आमच्या डॉक्टरांनी थांबवलं, कारण टीबीवरचं रिफॅम्पिसिन टॅक्रोलिमसची पातळी पार खाली आणतं. गाठीचा तुकडा तपासला, तर लिम्फोमा निघाला, पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. ट्रान्सप्लांटनंतर होणारा.

एपस्टाइन-बार विषाणू लहानपणी बहुतेकांना होऊन गेलेला असतो, मग तो पांढऱ्या पेशींत गपगुमान पडून राहतो. त्याच्यावर पहारा टी पेशींचा, म्हणजे शरीराच्या राखणदार पेशींचा, आणि आमच्या गोळ्या नेमक्या त्यांनाच झोपवतात. किडनी टिकते ती त्यामुळे. ही गाठ आली तीही त्यामुळेच: पहारा सुटला की विषाणू त्या पांढऱ्या पेशी वाढवत सुटतो. किडनी बसवलेल्यांना एकूण कॅन्सरचा धोका इतरांच्या दोन ते चार पट. परदेशी पुस्तिकांत सगळा भर उन्हावर, कातडीच्या कॅन्सरवर. गोऱ्या लोकांत तोच सर्वात जास्त. आमच्या ओपीडीत मी मिशरी-तंबाखूबद्दल ओरडते आणि मानेला, काखेत हात लावून बघायला सांगते. म्हणजे आता सांगते. पूर्वी हे शेवटच्या एका वाक्यात उरकायचं, आणि तोवर घरच्यांचं चित्त खर्चाच्या आकड्यात गुंतलेलं असायचं.

उपचाराची पहिली पायरी गोळ्या कमी करण्याची. मायकोफेनोलेट ही जोडीची गोळी बंद, टॅक्रोलिमस निम्मं, मग लागलं तर लिम्फोमावरचं रिट्युक्सिमॅब.

"मावशी, गोळ्या कोण काढून देतं?"

पोरगा आईकडे बघायला लागला. मावशींनी पिशवीतून स्टीलची डबी काढली. सकाळ-रात्रीचे कप्पे जुन्याच हिशेबानं भरलेले.

"ताई, तुमीच सांगितलं न्हवं, गोळी चुकली की किडनी गेली? ते नवे डाक्टर कालचे. मी तुमचं धरून बसले."

मी काही बोलले नाही. बोलणार काय? डबीच्या झाकणाला आतून माझंच कार्ड चिकटवलेलं होतं: सकाळी ८, रात्री ८, आणि खाली लाल पेनानं दोनदा अधोरेखित, 'गोळी स्वतःहून कधीही कमी करायची नाही'. माझं अक्षर, सहा वर्षांपूर्वीचं.

तासभर बसलो. किडनी रुसू शकते, हे मी लपवलं नाही. मावशी म्हणाल्या, "रुसली तर रुसू दे. पण हे तुमच्या हातानं लिहून द्या." जुन्या ओळीवर काट मारली, नवा डोस लिहिला. त्यांनी बोट ठेवलं तिथं सही केली, तारीख घातली.

पुढच्या आठवड्यात पातळी ३.६, क्रिएटिनिन १.४. मावशींनी क्रिएटिनिन विचारलं, मी गाठ विचारली. ती अजून होती.