तुम्ही विचारलंत म्हणून: डोटा २ या गेममध्ये ड्रो घेऊन जिवंत कसं राहायचं

"ड्रो घेतली की आम्ही सारखे मरतो, तुम्ही कसे काय मरत नाही?" हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय, मावसभावाचे मित्र, ऑफिसात नवीन लागलेला मुलगा, रँक्ड मॅच संपल्यावर अ‍ॅड करून विचारणारी अनोळखी मंडळी, की म्हटलं आता एकदा बसून नीट लिहूनच टाकू. आधी सांगतो, मीपण मरतो. पण ज्या वेळेला मरणं परवडत नाही त्या वेळेला सहसा मरत नाही, आणि तुम्हाला तेच विचारायचं असतं असं मी धरून चालतो.

ज्यांना डोटा २ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. पाच विरुद्ध पाच, प्रत्येकाकडे एक हिरो, समोरच्यांचा एन्शंट, म्हणजे मुख्य इमारत, फोडला की जिंकलात. कॅरी म्हणजे सुरुवातीला दुबळा असणारा, गोल्ड जमवत जमवत आयटम घेणारा आणि शेवटी गेम ओढून नेणारा हिरो. ड्रो रेंजर ही त्यातली लांबून बाण मारणारी. पहिल्या लेव्हलला हेल्थ पाचशेच्या आसपास, स्वतःची एकही उडी नाही, अदृश्य होता येत नाही, कोणी येऊन चिकटला की संपलं. पण तिला दहा सेकंद शांतपणे उभं राहू द्या, समोरची टीम वितळते.

मी ड्रो खेळतोय ती पुण्यातल्या सायबर कॅफेच्या दिवसांपासून, म्हणजे डोटा वॉरक्राफ्टचा एक मॅप होता तेव्हापासून. २०१३ मध्ये डोटा २ रीतसर बाहेर आला तेव्हा आम्ही घरून सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळायचो आणि पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद, चांगल्या दिवशीही शंभरच्या वरच असायचा, रात्री कुणी घरात काही डाउनलोड करायला लावलं की विचारूच नका. त्या पिंगनं मला एक गोष्ट शिकवली जी मला आजही सगळ्यात महत्त्वाची वाटते. शत्रू अंगावर आल्यावर काहीतरी करू असा विचार केला तर उशीर झालेला असायचा, बटण दाबून ते तिकडे पोहोचेपर्यंत मी मेलेलो असायचो. मग मी अंगावर कोणी येणारच नाही अशा जागा शोधायला लागलो. आता इंडिया सर्व्हर आहे, पिंग कमी आहे, पण सवय तीच राहिली, आणि मला विचाराल तर ड्रोचा सगळा खेळ त्या सवयीतच आहे. हात कितीही फास्ट असू दे, उभं कुठं राहिलात ते आधी.

आता आकड्यांवर या कारण इथेच बहुतेकांचं चुकतं. ड्रोचा बाण गेमच्या मापात ६२५ अंतरापर्यंत जातो. तिचा अल्टी (सगळ्यात मोठी शक्ती), मार्क्समनशिप, ज्याच्यामुळे मधूनमधून एखादा बाण जास्त जोरात लागतो, तो शत्रूचा हिरो ४०० च्या आत आला की बंद पडतो. म्हणजे काय, तर ४०० ते ६२५ ही सव्वादोनशेची पट्टी, त्या पट्टीत शत्रू असला तर तुम्ही ड्रो आहात, आणि तो त्याच्या आत आला तर तुम्ही फक्त एक बारीक अंगाची बाई आहात जिच्याकडे धनुष्य आहे. बरेच जण अल्टीचं वर्णन एकदा वाचतात, हो हो म्हणतात आणि फाइटमध्ये विसरतात. मी डेमो मोडमध्ये समोर अ‍ॅक्स हा जवळ येऊन मारणारा हिरो उभा करून रोज अर्धा तास नुसतं हेच केलंय, एक बाण, एक पाऊल मागे, एक बाण, एक पाऊल मागे, तो चालत येतोय आणि मी ते अंतर तेवढंच ठेवतोय. कंटाळवाणं आहे पण महिनाभरानं डोळ्याला तो ४०० चा गोल न काढताही दिसायला लागतो. शाळेत कबड्डी खेळलेल्यांना हे लगेच कळेल, चढाईला गेलेला माणूस मागे वळून मध्यरेषा बघत नाही, ती कुठे आहे हे त्याच्या पायाला माहीत असतं.

पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "फाइटमध्ये आधी कोणाला मारायचं?" सगळ्यांना ऐकायचं असतं की मागच्या क्रिस्टल मेडनला, कारण ती पटकन मरते. माझं उत्तर आहे, जो जवळ आहे त्याला. पुढे न जाता ज्याच्यापर्यंत बाण पोहोचतो तोच तुमचा टार्गेट, मग तो समोरच्यांचा सगळ्यात जाडा हिरो का असेना. लोक म्हणतात टँकवर बाण वाया जातात, पण मार्क्समनशिपचा बाण लागतो तेव्हा तो हिरोचं बेस आर्मर (मुळातलं चिलखत) मोजतच नाही, त्यामुळे ड्रोच्या हातून टँकही बऱ्यापैकी लवकर पडतो. मेडनच्या मागे धावत तीन पावलं पुढे गेलात की तुम्ही त्यांच्या पाचही जणांच्या मधोमध असता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आता जे दिसत नाहीत त्यांच्याबद्दल, कारण ड्रोला मारणारा माणूस समोर दिसणारा क्वचितच असतो. डोटात दर पाच मिनिटांनी दिवस-रात्र बदलते. दिवसा तुम्हाला १८०० पर्यंत दिसतं, रात्री फक्त ८००. ब्लिंक डॅगर या आयटमची उडी १२०० ची. हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. रात्री ब्लिंक मारणारा हिरो तुमच्या नजरेच्या बाहेरून थेट तुमच्या अंगावर येतो, तुम्ही कितीही डोळे फाडून बघितलंत तरी तो आधी दिसणार नाहीच. म्हणून रात्री मी वॉर्ड (लावला की आजूबाजूचं दाखवणारी वस्तू) नसेल तिथे पुढे उभा राहतच नाही, आणि मिनीमॅपवर पाचपैकी किती लाल ठिपके दिसतायत हे मोजत राहतो, अगदी क्रीप (कॉम्प्युटरचे सैनिक) मारतानाही. चार दिसतायत तर पाचवा माझ्यासाठी येतोय असंच समजतो. बहुतेक वेळा तसं नसतं, तो बिचारा जंगलात फार्म करत, म्हणजे गोल्ड जमवत असतो. पण ज्या वेळेला असतं त्या वेळेला गेम तिथेच जातो.

एक मॅच सांगतो, नाशिकचा मावसभाऊ सपोर्टला (बाकीच्यांना सांभाळणाऱ्या जागेवर) होता, डॅझल हा हिरो घेऊन. सत्तेचाळीसावं मिनिट, रात्र, रोशन या मोठ्या राक्षसाच्या खड्ड्याजवळ दोन्ही टीम एकमेकांना बघून घेतायत. त्यांच्याकडे अ‍ॅक्स, ब्लिंक घेतलेला. माझ्या मॉनिटरच्या खाली मी प्रत्येक मॅचला एक चिठ्ठी चिकटवतो, हिरो निवडून झाले की समोरच्यांच्या कुठल्या दोन गोष्टी मला मारू शकतात ते लिहितो, त्या दिवशी लिहिलं होतं "अ‍ॅक्सचा कॉल, लायनचा स्टन". स्टन माणसाला जागीच खिळवतो, आणि कॉल जवळच्यांना अ‍ॅक्सवरच हल्ला करायला लावतो. कॉलची गंमत अशी की तो बीकेबी (बहुतेक जादू अडवणारा आयटम) लावलेल्यालाही धरतो, त्यामुळे बीकेबी आहे म्हणून निर्धास्त राहायची सोय नाही. फाइट सुरू झाली, चार जण दिसले, अ‍ॅक्स नाही. कानात मावसभाऊ, "दादा थांब, अ‍ॅक्स नाहीये, थांब." मी मागच्या उंचवट्यावर झाडाला टेकून उभा. आमचा मिड (मधल्या वाटेचा खेळाडू) मेला. माइकवर एक जण ओरडायला लागला की ड्रो काय करतेय, ये ना पुढे. ते तीन-चार सेकंद फार वाईट असतात, खरंच, आपली माणसं पडतायत आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त गोल्डचे आयटम आहेत आणि आपण उभे आहोत. मग अ‍ॅक्स आला, आमच्या सेंटॉरवर, कॉल मारला. ब्लिंकचा कूलडाउन पंधरा सेकंदांचा, म्हणजे आता पंधरा सेकंद त्याला माझ्यापर्यंत चालत यावं लागणार होतं. तेव्हा मी दोन पावलं पुढे आलो, उंचवटा न सोडता. खालून वर मारलेल्या बाणांतला सरासरी चारातला एक चुकतो, वरून खाली मारताना तसं काही नाही, तो फायदा का सोडायचा. पहिले बाण अ‍ॅक्सलाच, लायन माझ्याकडे वळला तेव्हा गस्ट (ड्रोचा वाऱ्याचा झोत) मारून त्याला मागे ढकललं आणि सायलेन्स केलं, म्हणजे त्याची जादू बंद, तेवढ्यात सेंटॉर मरायला टेकलेला असताना भावानं ग्रेव्ह टाकून त्याला जिवंत ठेवलं. आमचे दोन गेले, त्यांचे चार. रोशन आम्ही घेतला, एजिस (मेल्यावर एकदा परत जिवंत करणारी वस्तू) मला मिळाला आणि पुढच्याच पुशला गेम संपला.

"किती वेळ थांबायचं" याचं उत्तर म्हणूनच सेकंदांत देता येत नाही. चिठ्ठीवरच्या गोष्टी दुसऱ्या कोणावर तरी वापरल्या जाईपर्यंत थांबायचं. पण हेही मनापासून सांगतो, नुसतं घाबरून मागे राहणारी ड्रो मेलेल्या ड्रोइतकीच निरुपयोगी असते. कॉल गेला, स्टन गेला आणि तरीही तुम्ही झाडामागेच आहात तर तुमच्या चार जणांना तुम्ही फसवलंत.

आयटमचं फार लिहीत नाही, गाइड भरपूर आहेत. फक्त हरिकेन पाइकबद्दल आग्रहानं सांगेन, ड्रॅगन लान्सपासून बनतो, रेंज वाढते, आणि अंगावर आलेल्यावर वापरला की तो आणि तुम्ही दोघंही उलट्या दिशेला ढकलले जाता, ४०० चा गोल परत मोकळा. आणि बीकेबी डॅमेजच्या आयटमआधी घ्या, दर वापराला त्याचा वेळ कमी होत जातो म्हणून साध्या भांडणात दाबू नका. लेनमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या वाटेवर, एवढं करा की समोरच्या हिरोला ड्रोचा खास बाण फ्रॉस्ट अ‍ॅरो हातानं बटण दाबून मारा, ऑटोवर नको. साधा अटॅक मारला की जवळचे क्रीप तुमच्यावर वळतात, हातानं मारलेल्या अ‍ॅरोनं वळत नाहीत. पहिल्या पाच मिनिटांत ह्यानं वाचणारी हेल्थ बघाल तर चकित व्हाल.

२०१९ च्या एप्रिलमध्ये ईएसएल वन मुंबई ही डोटाची स्पर्धा झाली, वरळीच्या डोममध्ये, कीन गेमिंग ही टीम जिंकली ती. मी गेलो होतो. सगळे मोठ्या पडद्यावर फाइट बघत होते आणि मी मिनीमॅपवर दोन्ही कॅरींचे ठिपके बघत बसलो होतो. फाइट सुरू होताना ते ठिपके बहुतेक वेळा कडेला असायचे, मग सगळा आवाज-गोंधळ झाल्यावर हळूच आत सरकायचे. घरी येताना लोकलमध्ये मी भावाला फोनवर तेच सांगत होतो आणि तो म्हणाला, "दादा, सपोर्टचे ठिपके बघितलेस का? ते आधी मरायला कुठे जात होते ते बघायचं होतंस." त्याचं बरोबर होतं. माझ्यावर येणारा कॉल कोणीतरी स्वतःवर घेतो म्हणून मी उभा राहू शकतो, तेव्हा मॅचमध्ये सपोर्टला शिव्या घालणारी ड्रो मला अजिबात आवडत नाही. कधी वॉर्ड लावायचा राहिला तर एखादा मी स्वतः लावतो, आणि कोणी माझ्यासाठी मेला तर तिथल्या तिथे थँक्स टाइप करतो.

ऑफिसातल्या त्या मुलानं गेल्या आठवड्यात रिप्ले पाठवला होता, अकरा वेळा मेला होता. मी त्याला काहीच न सांगता परत पाठवला, म्हटलं प्रत्येक मरणाच्या पाच सेकंद आधी रिप्ले थांबव आणि मिनीमॅपवर त्यांचे किती जण दिसत होते तेवढा आकडा लिही. त्यानं लिहून पाठवलं: दोन, तीन, तीन, एक, चार, दोन, दोन, तीन, एक, दोन, तीन. तुम्हीही रिप्ले पाठवा, मी बघतो, वेळ लागला तरी नक्की बघतो, फक्त ते आकडे आधी लिहून पाठवा.