उद्योगपतीसाठी एवढा शोक कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

कुठेही बोलायला गेले की कार्यक्रम संपल्यावर कोणीतरी हा विषय काढतंच. बहुतेक वेळा तरुण मुलं असतात. ‘ताई, तुम्ही इतकी वर्षं कामगारांच्या बाजूने लिहिताय. रतन टाटा गेले तेव्हा सगळा महाराष्ट्र रडला, ते तुम्हाला अति नाही वाटलं?’ विचारणाऱ्याच्या आवाजात कधी राग असतो, कधी खरंच कुतूहल. चहाचा कप हातात धरून दोन वाक्यांत याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

लोकांनी केलेला शोक मला अजिबात अति वाटला नाही. सरकारने केलेला वाटला.

९ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री ब्रीच कँडी रुग्णालयात रतन टाटा गेले, वयाच्या ८६व्या वर्षी. नवरात्र चालू होतं. मुंबईत काही ठिकाणी गरबा मध्येच थांबवून लोक स्तब्ध उभे राहिले. दुसऱ्या दिवशी नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात पार्थिव दर्शनासाठी ठेवलं होतं, तिथे मी गेले होते. ऑफिसातून थेट आलेली माणसं होती, गळ्यातली ओळखपत्रंही काढलेली नव्हती. माझ्या पुढे पिंपरीहून पहाटे निघालेलं एक वयस्कर जोडपं होतं. आजोबांनी नोकरीची पंचवीस वर्षं पूर्ण झाल्यावर कंपनीने दिलेलं घड्याळ मनगटावर घातलं होतं. आजींनी मला सांगितलं, “एरवी ते कपाटातच असतं. लग्नाकार्यालासुद्धा घालत नाहीत.” पुढे काही बोलल्या नाहीत.

ते घड्याळ ज्याला कळलं नाही त्याला हा शोक अति वाटणारच. मी पिंपरी-चिंचवडमध्ये वाढले. मुलगा टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये, लागला की घरी स्थळं सांगून यायची. पगार ठरल्या दिवशी, पहिल्या पाळीची बस ठरल्या वेळी, पीएफ आणि ग्रॅच्युइटी नियमाप्रमाणे, आणि त्या भरवशावर बँकेचं कर्ज. आमच्या गल्लीतली अर्धी घरं या एका गोष्टीवर उभी राहिली. कोकणातून, मराठवाड्यातून, साताऱ्याकडून एक ट्रंक घेऊन आलेल्या माणसाच्या पोराने इंजिनिअर व्हायचं स्वप्न बघितलं ते या भरवशावर. टाटांच्या जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९१२ साली आठ तासांची पाळी सुरू झाली आणि १९२० साली भविष्यनिर्वाह निधी. कायद्याने हे सगळीकडे यायला त्यानंतर कित्येक वर्षं जावी लागली. रतन टाटांचा जन्म १९३७ चा, म्हणजे यातलं काहीही त्यांनी सुरू केलेलं नव्हतं. पण लोक रडतात तेव्हा असा सनावळीचा हिशेब घालत नाहीत. त्यांच्यापुढे एक चेहरा असतो, आणि आपल्या आयुष्यातलं जे काही टिकलं ते सगळं त्या चेहऱ्याच्या नावे जमा होतं.

परळच्या टाटा कॅन्सर रुग्णालयाचंही तसंच झालं. गावाकडे अजून कोणी ‘टाटाला दाखवलं’ म्हणालं की समोरचा आजाराचं नाव विचारत नाही. त्या आठवड्यात कितीतरी जणांनी लिहिलं, रतन टाटांच्या रुग्णालयाने माझ्या आईला वाचवलं. टाटा मेमोरियल १९४१ साली सर दोराबजी टाटा ट्रस्टने उभं केलं, हे खरं आणि मोठंच काम. पण १९५७ मध्ये ते केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाकडे गेलं आणि १९६२ पासून अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. म्हणजे गेली साठ वर्षं ते मुख्यतः तुमच्याआमच्या करातून चालतंय. बाहेरच्या फुटपाथवर पिशवीत फायली आणि एक्स-रेची पाकिटं घेऊन बसलेल्या सोलापूरच्या, बिहारच्या, बंगालच्या माणसाला आत जे उपचार मिळतात, ते सरकारी रुग्णालय उत्तम चालू शकतं याचा देशातला एक मोठा पुरावा आहे. टाटांबद्दलची कृतज्ञता योग्यच होती. मला खटकलं ते एवढंच, की त्यात तिथल्या परिचारिका, डॉक्टर आणि ही सार्वजनिक व्यवस्था कोणाला आठवली नाही.

आता सरकारबद्दल. राज्याने एक दिवसाचा दुखवटा जाहीर केला, झेंडे अर्ध्यावर उतरवले, शासकीय इतमामात वरळीला अंत्यसंस्कार झाले, मंत्रिमंडळाने भारतरत्नाची शिफारस करणारा ठराव केला. २०२२ मध्ये बजाज उद्योगसमूहाचे राहुल बजाज गेले तेव्हा पुण्यात वैकुंठ स्मशानभूमीतही शासकीय इतमाम होता. दोघांच्याही कर्तृत्वाबद्दल मला शंका नाही. बजाजांनी तर २०१९ मध्ये भर कार्यक्रमात, गृहमंत्र्यांसमोर, लोक सरकारवर टीका करायला घाबरतात असं सुनावलं होतं. ते धैर्य फार थोड्या उद्योगपतींत असतं. तरी मला वाटतं, सरकारने उद्योगपतीसाठी झेंडा उतरवू नये. उद्योगपती सरकारकडे जमीन मागतो, सवलत मागतो, कर भरतो किंवा कराविरुद्ध कोर्टात जातो. त्याच्या कारखान्यात तंटा झाला की दोन्ही बाजूंचं ऐकून घेणं हे सरकारचं काम आहे. त्यात एका बाजूसाठी सरकारने दुखवटा पाळायचा म्हणजे दुसऱ्या बाजूला काय निरोप जातो?

पुण्यात हे घडलेलं आहे. १९८९ मध्ये कामगारनेते राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली टेल्कोच्या कामगारांचा लढा झाला. रतन टाटा नुकतेच कंपनीच्या अध्यक्षपदी आले होते. शनिवारवाड्यासमोर उपोषणाला बसलेल्या कामगारांना पोलिसांनी रात्रीत उचललं आणि आंदोलन मोडलं. ही हकीकत त्या आठवड्यातल्या मृत्युलेखांत मी शोधत होते. सापडली तिथे ‘तरुण अध्यक्षाने संप कणखरपणे हाताळला’ अशा सुरात.

त्या उपोषणात बसलेल्या एका काकांना मी ओळखते. १० ऑक्टोबरला त्यांनी दिवसभर टीव्ही बंद केला नाही. मी विचारलं, तुम्हाला वाईट वाटतंय? म्हणाले, “वाटतंय तर. भांडलो ते आपल्या कंपनीशी. परक्याशी कोण भांडतं?” त्यांना १९८९ ची रात्र आठवत होती आणि डोळ्यांत पाणीही होतं. एकाच वेळी दोन्ही. हे सामान्य माणसाला जमतं, मग ज्यांचा लिहिण्याचाच व्यवसाय आहे त्यांना का जमू नये? ओडिशात कलिंगनगरला जानेवारी २००६ मध्ये टाटांच्या पोलाद प्रकल्पाच्या जमिनीवरून पोलिसांच्या गोळीबारात डझनभर आदिवासी मेले. बंगालमधल्या सिंगूरच्या शेतकऱ्यांनी विरोध केला म्हणून टाटांच्या नॅनो गाडीचा कारखाना २००८ मध्ये गुजरातेत साणंदला गेला. आणि आपल्या मुळशीत १९२१ पासून सेनापती बापटांसोबत मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, त्यांच्या जमिनी शेवटी पाण्याखाली गेल्याच. मुळशीची ठिणगी रतन टाटांच्या जन्माआधीची, तिचा दोष त्यांच्यावर नाही. पण आठ तासांच्या पाळीचं पुण्य वारशाने मिळत असेल, तर मुळशीही वारशातच येते. ‘मरणान्तानि वैराणि’, मरणाबरोबर वैर संपतं, म्हणतात ते वैरापुरतं खरं आहे. इतिहासाला ते लागू करता येत नाही.

शोकाच्या नावाखाली आणखी एक गोष्ट झाली, तिचा मला फार त्रास झाला. त्यांच्या नावावर न बोललेली वाक्यं खपवणं. जिवंतपणीही हे चालू होतं. एप्रिल २०२० मध्ये करोनानंतरच्या अर्थव्यवस्थेबद्दलचा एक मजकूर त्यांच्या नावाने फिरत होता, तेव्हा त्यांना स्वतःला जाहीरपणे सांगावं लागलं की हे मी बोललेलो नाही आणि लिहिलेलंही नाही. गेल्यावर सांगायला कोण येणार? ज्या माणसाबद्दल आदर आहे त्याच्या तोंडी आपली वाक्यं घालू नयेत, इतकं तर आपण पाळू शकतो.

‘लोकांना श्रीमंतीचं वेड आहे म्हणून रडतात’ हे मात्र मला मान्य नाही. टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के भाग ट्रस्टांकडे आहेत, त्यामुळे अतिश्रीमंतांच्या यादीत रतन टाटा कधी वरच्या नंबरात नव्हते, आणि लोकांना ते माहीत होतं. शिवाय याच मुंबईत १६ जानेवारी १९९७ ला गिरणी संपाचे नेते डॉ. दत्ता सामंतांचा खून झाला तेव्हा रस्ते कामगारांनी भरून गेले होते. ज्यांच्या संपात गिरण्या बुडाल्या असं अर्धं शहर म्हणत होतं, त्या माणसासाठी ज्यांची नोकरी गेली तेच लोक रडले. आपल्या बाजूने कोणीतरी उभं होतं, एवढंच त्यांना पुरेसं होतं. मला सामंतांच्या मागे चाललेला कामगार आणि एनसीपीएच्या रांगेतले आजोबा फार वेगळे वाटत नाहीत.

आणि मला प्रश्न विचारणारी ही तरुण मुलं बहुतेक चाकणच्या कारखान्यांतली असतात. कोणी ट्रेनी, कोणी कंत्राटी, सात महिने झाले की ब्रेक, मग दुसऱ्या गेटवर पुन्हा नवा अर्ज. मोठ्या नावाच्या कारखान्यांतही हेच चालतं. पंचवीस वर्षांचं घड्याळ यांच्यातल्या कोणाला मिळणार नाही. त्यांना तो शोक अति वाटतो यात नवल नाही, ज्याचं सुतक त्यांच्या आजोबांनी पाळलं ते त्यांच्या वाट्याला कधी आलंच नाही. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. कायम नोकरी कोणत्या वर्षापासून कोणत्या कारखान्यात कशी बंद होत गेली, हे मी त्यांना सांगत बसते, आणि त्यांच्या पगाराच्या पावत्या बघायला मागते.