तुम्ही विचारलंत म्हणून: गेल्या गेल्या प्रार्थना का करत नाही?

आमच्या चर्चच्या मंडळीच्या वतीने मी शोकात असलेल्या, आजारी, संसार मोडलेल्या माणसांच्या भेटीला जाते. माझ्यासोबत पहिल्यांदा येणारा जवळजवळ प्रत्येक जण परतताना एकच गोष्ट विचारतो: "तासभर बसलो, पण प्रार्थना अगदी शेवटी, तीही दोन ओळींची. गेल्या गेल्याच का नाही केलीत?" विचारणाऱ्यांना मनापासून काळजी असते, म्हणून एकदा नीट सांगते.

पूर्वी मीही तसंच करत असे. एका आईचं मूल गेलं होतं. मी आत गेले, तिचा हात धरला आणि पाच मिनिटांत डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. लेकरू प्रभूजवळ सुखात आहे म्हणून आभार मानले, त्याच्या इच्छेपुढे नमण्याचं बळ मागितलं. तिने आमेन म्हटलं आणि मी निघाले. बऱ्याच महिन्यांनी ती म्हणाली, "त्या दिवशी मला देवावर ओरडायचं होतं. तुम्ही माझ्या वतीने त्याचे आभार मानून टाकलेत. मग मी काय बोलणार?"

तिच्या मनात नसलेलं मी तिच्या नावाने देवापुढे बोलले होते. आणि खरं तर ती प्रार्थना मलाच हवी होती. त्या खोलीतली शांतता मला सोसवत नव्हती. आमेन म्हटलं की उठता येतं.

बायबलमधल्या ईयोबाची मुलंबाळं, संपत्ती, आरोग्य सगळं गेलं, तेव्हा भेटीला आलेल्या त्याच्या तीन मित्रांना आपण फार नावं ठेवतो. पण ते आले तेव्हा ७ दिवस आणि ७ रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. त्याचं दुःख फार मोठं आहे हे पाहून कोणी एक शब्दही काढला नाही. मला तर कधी सलग दोन तासही असं बसता आलेलं नाही. बिघडलं ते पुढे. ईयोबाने तोंड उघडलं ते आपल्या जन्मदिवसाला शाप द्यायला, आणि तेवढ्यावरून मित्रांनी देवाची वकिली सुरू केली. शेवटी देवाचा राग पेटला तो या वकिलांवरच. त्यांच्यासाठी प्रार्थना कोणी करायची? ईयोबाने. सांत्वन करायला आलेल्यांसाठी, ज्याचं सर्वस्व गेलं होतं त्याने. ईयोबाच्या पुस्तकातला हा ४२वा अध्याय मी भेटीला निघण्यापूर्वी पुष्कळदा वाचते.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या ११व्या अध्यायात लाजराला कबरेत ठेवून ४ दिवस झालेले आहेत. मार्था आणि मरीया, दोघी बहिणी येशूला एकच गोष्ट सांगतात: तू इथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता. मार्थेशी तो पुनरुत्थानाबद्दल बोलतो. मरीयेचं रडणं पाहून मात्र तो व्याकूळ होतो, आणि पुढे एवढंच लिहिलं आहे: "येशू रडला." लाजराला तो मेलेल्यांतून उठवणारच होता, तरीही. समोर मार्था आहे की मरीया, हे ऐकून घेतल्याशिवाय मला कसं कळणार? आंधळ्या बार्तीमयालासुद्धा येशूने विचारलं होतं, मी तुझ्यासाठी काय करावं म्हणून. त्याला काय हवं होतं ते कोणालाही दिसत होतं, तरी त्याला स्वतःच्या तोंडाने सांगू दिलं.

कधी कधी मी बायबलमधलं स्तोत्र ८८ वाचून दाखवते. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. काहींना ते ऐकून धक्का बसतो, पण जे खरोखर खचलेले असतात ते म्हणतात, "परत वाचा."

ऐकण्याचा आणखी एक उपयोग आहे, आणि याबाबत मी कडक आहे. कोणी "आता जगण्यात अर्थ नाही" म्हणालं, तर जीव द्यायचा विचार मनात येतो का, हे मी स्पष्ट विचारते. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट माणूस मोकळा होतो. तसा धोका दिसला तर त्याला एकटं सोडत नाही, आणि गुप्ततेचं वचनही देत नाही. घरात मारहाण होत असेल तर क्षमेबद्दलचं बायबलचं वचन काढायची ती वेळ नव्हे. आधी सुरक्षित जागा. आणि विश्वासाच्या नावाखाली कोणाच्याही गोळ्या बंद करायच्या नाहीत. घाईने केलेल्या प्रार्थनेखाली हे सगळं दडून राहतं.

१९५३ मध्ये लंडनमधले अँग्लिकन धर्मगुरू चॅड वारा यांनी आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी सेवा सुरू केली. समुपदेशन ते स्वतः करणार होते; खोळंबलेल्यांजवळ चहा घेऊन बसायला स्वयंसेवक होते. पण कित्येक जण त्या स्वयंसेवकांपाशीच मन मोकळं करत आणि वारांना न भेटताच बरं वाटून निघून जात. १९५४ मध्ये वारांनी ऐकण्याचं कामच स्वयंसेवकांच्या हाती दिलं. आज ती संस्था समॅरिटन्स म्हणून ओळखली जाते. मला शिकवायचा प्रसंग आला की मी नव्यांना हे आवर्जून सांगते, कारण "मला काही बोलता येत नाही" ही त्यांची भीती असते.

मग प्रार्थना केव्हा? निघताना मी विचारते, "देवाला काय सांगू?" बायको गेलेल्या एका गृहस्थांना असं विचारलं तेव्हा ते कितीतरी वेळ खिडकीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सांगा, मी त्याच्याशी बोलत नाही." मी डोळे मिटले. "प्रभू, हे तुझ्याशी बोलत नाहीत." पुढचं वाक्य मी शोधत होते, तेवढ्यात त्यांचाच आवाज आला, "का ते तुला ठाऊक आहे."

त्या दिवशी आमेन त्यांनीच म्हटलं.