चॅप्लिन तोच, मशीन वेगळं

मी कॉम्प्युटरच्या इतिहासावर लिहितो, म्हणून हा प्रश्न हमखास येतो: ऑफिसांत कॉम्प्युटर रुजले ते जाहिरातींमुळे, की एकाने दुसऱ्याला सांगितल्यामुळे? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, सांगण्यामुळे.

आयबीएमचंच बघा. त्यांचा पीसी ऑगस्ट १९८१मध्ये आला. चार्ली चॅप्लिनच्या भटक्याच्या वेशातला नट घेऊन केलेल्या त्याच्या जाहिराती अमेरिकेत सगळ्यांना पाठ झाल्या आणि पीसी तुफान खपला. श्रेय चॅप्लिनला देऊन मोकळं होता आलं असतं. पण नोव्हेंबर १९८३मध्ये त्याच कंपनीने घरासाठी पीसीज्युनिअर जाहीर केला. भटका तोच, जाहिरातींचा धडाकाही तसाच. कीबोर्डची बटणं मात्र अशी बारकी आणि सुटी सुटी, की धड टाइप करता येईना. ऑफिसातल्या पीसीवरचे कित्येक प्रोग्रामही त्यावर चालेनात. ही गोष्ट लपून राहिली नाही. मार्च १९८५मध्ये आयबीएमने ते मशीन बंद केलं.

उलट व्हिसिकॅल्क घ्या. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांचा हा प्रोग्राम १९७९मध्ये अ‍ॅपल टू या कॉम्प्युटरवर आला. एक आकडा बदलला की खालच्या सगळ्या बेरजा आपोआप बदलायच्या. कागदावर खाडाखोड करून रात्री जागवणाऱ्या हिशेबनिसाला हे दुसऱ्या हिशेबनिसाच्या टेबलापाशी एकदा दिसलं, की आणखी काही पटवायची गरजच उरत नसे. लोक व्हिसिकॅल्कसाठी अ‍ॅपल टू विकत घेत. १९८३मध्ये लोटस १-२-३ या तशाच हिशेबाच्या प्रोग्रामने पीसीसाठी तेच काम केलं. लोटसने जाहिरातीवरही भरपूर पैसा ओतला, हे मान्य. त्याने नाव कानावर गेलं. पण ऑफिससाठी मशीन घेणारा माणूस दुसऱ्याच्या पैशाने घेतो आणि फसलं तर जाब त्याला द्यावा लागतो. तो आपलंच काम करणाऱ्या कुणाला तरी विचारतो.

अर्थात, लोक सांगतात ते नेहमी शहाणपणाचंच असतं असं नाही. 'आयबीएम घेतलं म्हणून कुणाची नोकरी गेलेली नाही' हेही तोंडोतोंडीच पसरलं. त्यात अनुभवापेक्षा भीती जास्त होती, आणि त्या भीतीपायी चांगली मशीन बघायचीसुद्धा राहून गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अ‍ॅपलच्या मॅकिंटॉश (मॅक) कॉम्प्युटरची १९८४ची जाहिरात मग कशी विसरता, असं लगेच विचारतात. रिडली स्कॉटने केलेली ती जाहिरात अप्रतिमच आहे. पण सुरुवातीचा भर ओसरल्यावर मॅकची विक्री रोडावली. पुढच्याच वर्षीच्या जाहिरातीत तर डोळ्यांवर पट्टी बांधलेले ऑफिसवाले रांगेने कड्यावरून खाली पडताना दाखवले. ज्यांना विकायचं त्यांचाच अपमान! मॅकला ऑफिसांत पाय रोवता आले ते पानं मांडायचा प्रोग्राम पेजमेकर आणि अ‍ॅपलचा प्रिंटर लेझररायटर यांच्यामुळे. १९८५पासून मांडणी करणारे लोक टेबलावर तयार झालेली पानं एकमेकांना दाखवू लागले, आणि ती पाहणारे विचारू लागले, हे कशावर केलंत?