दोन भोकं

रविवार, रात्री साडेअकरा

सांगलीहून येऊन चार तास झाले. आंघोळ झाली, जेवण झालं, उद्या डब्याला काय तेही ठरलं. डोक्यात अजून ती दोन भोकंच आहेत.

ताईच्या मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाला लागून, आपला आईस्क्रीमचा पॉट. म्हणजे पॉटची बादली. सागवानी, तीन लोखंडी पट्ट्यांची. हिच्यात बर्फ आणि मीठ, मधोमध दुधाचा डबा, आणि वरचा दांडा हाताने फिरवायचा. त्यात कढीपत्ता लावलाय, कमरेएवढा झालाय. वरचा दांडा आणि दात्यांची चाकं काढून टाकल्यामुळे मी आधी ओळखलीच नाही. मग काठापासून चार बोटं खाली ते करंगळीएवढं भोक दिसलं आणि पोटात कसंसंच झालं. वितळलेल्या बर्फाचं खारं पाणी त्या भोकातून बाहेर पडायचं. नाही पडलं तर ते चढत चढत झाकणापर्यंत येतं, डब्यात शिरतं आणि दोन लिटर दुधाचं वाटोळं होतं. शेजारच्या काकांनी एकदा "अंगणात चिखल होतोय" म्हणून त्या भोकाला बूच मारलं होतं. त्या वर्षीचं आईस्क्रीम कुत्र्यानेही खाल्लं नाही.

तर ते भोक जुनंच. मी सगळा जोर लावून बादली जरा कलती केली, बुडाला काय आहे बघावं म्हणून. बुडाला दोन भोकं. ड्रिलने पाडलेली, गोल, स्वच्छ.

"ताई, खाली भोकं पाडलीस?"

"मग! पाणी तुंबून मुळं कुजतील की."

एवढं बोलून ती पोह्यांना फोडणी द्यायला आत गेली.

विचारायचं तरी होतं. एक फोन. रोज फोन करते, गॅस संपला तरी सांगते, मनी व्यायली तेव्हा रात्री दहाला सांगितलं. आणि हे नाही सांगावंसं वाटलं? स्वारगेट येईपर्यंत खिडकीला डोकं टेकून हेच घोळवत होतो. शेजारच्या माणसाने दोनदा विचारलं, बरं वाटत नाहीये का.

विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं ते मला पक्कं ठाऊक आहे. "राहू दे, पुढच्या खेपेला घेऊन जातो." हे मी आईच्या वर्षश्राद्धापासून म्हणतोय. त्यालाही आता नऊ वर्षं होतील.

पण तरी.

मघाशी पुस्तकांच्या कपाटासमोर जाऊन उभा राहिलो. आईस्क्रीमवरची अकरा पुस्तकं आहेत माझ्याकडे. त्यातली चार म्हणजे जुन्या पुस्तकांची पानं छापून घेऊन बांधलेल्या प्रती. मेरी ईल्सबाईंचं १७१८ सालचं, लंडनचं, उघडलं. इंग्रजीत आईस्क्रीमची कृती पहिल्यांदा छापली गेली ती यात. सहा डब्यांना अठरा ते वीस पौंड बर्फ, म्हणजे आठ-नऊ किलो. बर्फ अगदी बारीक फोडायचा, बादलीच्या तळाशी पेंढा, बर्फात एक पौंड मीठ, आणि ऊन-उजेड येणार नाही अशा तळघरात चार तास ठेवून द्यायचं. ढवळणं नाही, फिरवणं नाही. एवढ्याशा मिठाला आई हसली असती. तिचा हिशेब तीन भांडी बर्फाला एक भांडं खडं मीठ. बर्फ वितळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो, आणि मीठ त्याला शून्याच्याही खाली वितळायला लावतं. बर्फ-मिठाचं मिश्रण उणे एकवीसपर्यंत उतरू शकतं. आईला हे आकडे माहीत नव्हते. ती डब्याला बाहेरून बोट लावायची. बोट चिकटलं की झालं.

पुस्तकांत मी रमतो तो असा. ॲग्नेस मार्शलबाईंचं १८८५ चं पुस्तक घेतलं की तासभर जातो. लंडनमध्ये स्वयंपाकाची शाळा चालवायची, स्वतःच्या यंत्राचं पेटंट घ्यायचं, पुस्तक लिहायचं आणि त्यात त्याच यंत्राची भलामण करायची. १९०१ मध्ये तर या बाईने सुचवलं होतं की द्रवरूप प्राणवायू आणा, जेवणाच्या टेबलावरच आईस्क्रीम गोठवा. आणि आमच्या पॉटची खापरपणजी म्हणावी ती फिलाडेल्फियाची नॅन्सी जॉन्सन. दांडा फिरवायच्या यंत्राचं पेटंट तिने १८४३ मध्ये घेतलं. हे सगळं मला झोपेत विचारा. पोह्यांची बशी हातात असताना ताईलाही मी हे सांगायला लागलो होतो. पॉट ही काय चीज होती हे तिला कळावं म्हणून. ती म्हणाली, "लिंबू पिळू का अजून?"

बारा वाजत आले. जाऊन झोपायला हवं.

नाही झोपलो. आईची वही काढली. आंबा आईस्क्रीमचं पान दुधाच्या डागांनी कडक झालंय. 'म्हशीचे दूध दोन लिटर आटवून दीड करणे. गार करणे. साखर, रस घालणे. बर्फ फोडणे. थर देणे. घट्ट होईपर्यंत फिरवणे.'

फिरवणे. कोणी?

ईल्सबाईंच्या कृतीतही बर्फ बारीक फोडलेला असतो, कोणी फोडला ते नसतं. आइन-इ-अकबरीत पाणी गार करायची रीत आहे. पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा, म्हणजे एक क्षार, टाकायचा आणि त्यात शेरभर पाण्याची तोंड बंद केलेली सुरई पाव तास हलवत राहायचं. ते लिहिणारा अबुल फज़ल काही सुरई हलवत बसला नसणार.

आमच्याकडे ताई फिरवायची.

आता लिहिताना सगळं दिसतंय. सायकलच्या कॅरियरवरून भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी यायची. ती धुऊन गोणपाटात घालायची आणि बत्त्याने ठेचायची, ठेचणारी ताई. बर्फ, मीठ, बर्फ, मीठ, थर देणारी ताई. मग दांडा. पहिली दहा मिनिटं सोपी असतात, हे मी पुस्तकात वाचलंय. दुधात बर्फाचे कण धरायला लागतात, फिरवणं थांबलं की ते मोठे होतात आणि जिभेला खरखरतात, म्हणून थांबायचं नाही. नंतर दांडा जड होत जातो आणि बादली जागची सरकायला लागते. ती सरकू नये म्हणून वर गोणपाटाची घडी टाकून एका माणसाला बसवायचं. तो माणूस मी. माझं तेवढंच काम. वर बसून "झालं का, झालं का" विचारायचं. खालून गारवा यायचा आणि समोर ताईची वेणी पुढेमागे हलत असायची. मिठाचं पाणी उडून तिच्या बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या, त्यावर आई रात्री तूप लावायची. अगदी शेवटी, सगळे जमले की बाबा उठायचे, बाह्या सरसावून दोन फेरे मारायचे आणि म्हणायचे, "झालं बघा!" सगळे बाबांना शाबासकी द्यायचे.

आणि डब्यातला लाकडी पंखा निघायचा, त्याला चिकटलेलं आईस्क्रीम चाटायचा मान माझा. लहान म्हणून.

पॉटचा डबा ताईच्या फडताळात आहे, त्यात साबुदाणा आहे. पंखा कुठाय हे विचारायला माझा धीर झाला नाही.

मघाशी हिला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती निदान "अरेरे" म्हणेल. ती कणीक मळत होती. म्हणाली, "पुस्तकं अकरा. ते विजेचं मशीन घेऊन तीन वर्षं झाली, त्यात आईस्क्रीम किती वेळा केलंस?" चार वेळा. त्याचं भांडं चोवीस तास फ्रीझरमध्ये ठेवावं लागतं, आणि आमच्या फ्रीझरमध्ये मटार असतात. "ती बादली आणली असतीस तर कुठे ठेवणार होतास?" माळ्यावर. "माळ्यावर", ती म्हणाली. पुढे काहीच म्हणाली नाही. तिला ते जमतं.

खरं तर माळ्यावर ती बादली मेली असती. लाकडी बादली सुकली की फळ्या उकलतात, पट्ट्या सैल होऊन खाली घसरतात. म्हणून तर आदल्या रात्री तिच्यात पाणी भरून ठेवायचे, लाकूड फुगून सांधे मिटावेत म्हणून. पुण्याच्या माळ्यावर नऊ उन्हाळे काढून तिची मोळी झाली असती. आणि ताईकडे? रोज सकाळी एक तांब्या पाणी. सगळ्या फळ्या एकमेकींना अशा घट्ट की नख जाणार नाही. मी नख घालून बघितलं होतं सकाळी, कुठे उकललीय का. तक्रारीला आणखी एक मुद्दा मिळाला असता. नाही मिळाला.

मिठाचं तिने काय केलं तेही सांगत होती, मी नीट ऐकत नव्हतो. चार-पाच दिवस पाणी भरायचं, ओतायचं, परत भरायचं, जिभेला लावून बघायचं. इतक्या वर्षांचं मीठ त्या लाकडात. पहिलं रोप तरी जळलंच म्हणे. हे दुसरं.

निघताना तिने पिशवीत चटणी, चकल्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला कढीपत्ता घातला. मी म्हटलं, पुण्यात मिळतो की. "हा आपल्या पॉटमधला आहे", ती म्हणाली. म्हणजे तिच्या लेखी तो अजून पॉटच आहे. बसमध्ये हे लक्षात आलं नव्हतं, आत्ता लिहिताना आलं.

रात्रीच्या आमटीला हिने तोच घातला. वास घरभर. "काय पानं आहेत", म्हणाली. मी एक पान बाजूला काढून चावून बघितलं, खारट लागतंय का.

नाही लागलं.