कोणता शब्द सांगू?

पुण्यात जपानी शिकले आणि दुभाषी झाले. कामं बहुतेक कारखान्यांतली: यंत्रं, मोजमापं, बैठका. मणिपूरमधलं शांगशाक गाव वाट्याला आलं ते निगाता प्रांतातल्या एका आजोबांमुळे. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात 31व्या जपानी डिव्हिजनच्या 58व्या रेजिमेंटमध्ये होते. ही डिव्हिजन मार्च 1943 मध्ये बँकॉकला उभी राहिली आणि वर्षभरातच ब्रह्मदेशातली चिंदविन नदी ओलांडून कोहिमाकडे निघाली. जवळ शिधा जेमतेम तीन आठवड्यांचा.

टेकडीवर पोचल्यावर मला आधी आपली माणसं आठवली. 22 ते 26 मार्च 1944 या दिवसांत इथे 50व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन लढली, तीही पाण्याच्या टंचाईत. खरं तर शांगशाक शेजारच्या 15व्या जपानी डिव्हिजनच्या वाटणीचं. 31व्या डिव्हिजनचे जनरल मियाझाकी वाट वाकडी करून इथे आले आणि अडकले. तेवढे दिवस कोहिमाच्या बचावाच्या तयारीला मिळाले. हे आजोबांना सांगितलं तेव्हा ते टेकडीसमोर कमरेत वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले.

गावातल्या एका वृद्ध तांगखुल नागा गृहस्थांनी हिंदीत विचारलं, यांचे वडील गेले कसे?

"तेनशिन चालू असताना," आजोबा म्हणाले. त्यांची आई आयुष्यभर असंच सांगायची.

मी थांबले. तेनशिन म्हणजे दिशा बदलून पुढे जाणं. पॅसिफिकमधल्या ग्वादालकॅनाल बेटावरच्या माघारीपासून जपानी सैन्य माघारीला हाच शब्द वापरत होतं. बोलणाऱ्याचा शब्द बदलायचा नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. पण तो शब्दशः सांगितला असता तर या गृहस्थांना वाटलं असतं, माणूस दुसऱ्या लढाईला चालला होता. प्रत्यक्षात मेच्या अखेरीस डिव्हिजनचे प्रमुख सातो यांनी वरिष्ठांचा हुकूम मोडून सैन्य मागे घेतलं होतं, कारण मागून शिधा आलाच नव्हता. मणिपूरमधल्याच उखरूलला तरी मिळेल म्हणून माणसं तिथवर चालली. तिथेही काही नव्हतं. उपासमार, मलेरिया, आमांश. सातोंना लष्करी न्यायालयापुढे उभं राहून हे सांगायचं होतं. त्यांना मनोरुग्ण ठरवून खटलाच टाळला. माझ्या मते या डिव्हिजनच्या साऱ्या इतिहासात सर्वांत धाडसाचा हुकूम त्यांचाच होता.

मी आजोबांना जपानीत विचारलं, "कोणता शब्द सांगू?"

ते गप्प झाले. मग हळू म्हणाले, "ताइक्याकु." माघार. आणि लगेच, "उपाशी होते, तेही सांगा."

मी सांगितलं. गृहस्थांनी महिना विचारला. जुलै. "बारिश में," ते म्हणाले आणि उखरूलकडच्या डोंगराकडे हात केला.

आजोबांनी खिशातून रुमालाची गाठोडी काढली. आत सुपारीएवढा दगड. घरी आलेल्या पेटीत अस्थींऐवजी हाच होता. इथलाच आहे का, विचारा म्हणाले. गृहस्थांनी तो उजेडात धरला, नखाने खरवडला, उलटसुलट केला.

"हमारे पहाड़ का नहीं है."

मी जसंच्या तसं सांगितलं. आजोबांनी मान हलवली, दगड परत घेतला आणि रुमालाला पुन्हा गाठ मारली.